झोप वाचून कायम करणे

काशीराम परबांना रात्री झोप लागू लागली असती, तर त्यात सगळ्यांत कमी फायदा खुद्द काशीरामांचाच होता. पहिला नफा त्यांच्या बायकोचा, रत्नप्रभाबाईंचा. कारण काशीराम जागे असले की थोड्या थोड्या वेळाने तिला हलवून विचारत, "झोप लागली का गं तुला?" दुसरा नफा वॉचमनचा. "जागा आहेस ना रे?" म्हणून त्याला फोन आला नसता, आणि ज्या कामाचा तो पगार घेत होता ते काम, म्हणजे झोपणं, त्याला निर्वेधपणे पार पाडता आलं असतं. तिसरा नफा पार्किंगमधल्या मांजरांचा, ज्यांच्या खाजगी आयुष्यावर काशीरामांची बॅटरी वेळी-अवेळी पडत असे. एवढ्यांचं वाटप झाल्यावर जे उरेल, ते काशीरामांचं.

दुखणं साधंच होतं. चारकोपच्या 'सातेरी कृपा' सोसायटीचे ते सेक्रेटरी होते. कधीपासून ते कोणाला आठवत नव्हतं, कारण दुसरा कोणी सेक्रेटरी झालेलाही कोणाला आठवत नव्हता. बाकीच्यांचं लिकेज भिंतीत होतं, काशीरामांचं डोक्यात. पाठ टेकली की टाकीचा बॉल-कॉक, लिफ्टचं कुरकुरणं आणि बी विंगच्या गच्चीवरची शेवग्याची कुंडी, सगळं ओळीने येऊन उशाशी बसायचं.

शेवटी मुलगी श्रुतिका त्यांना आयुर्वेदाच्या डॉक्टर माधुरी कांबळे यांच्याकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि काशीरामांनी सोबत आणलेली सोसायटीची फाईल न बघताच बाजूला ठेवली.

"विजयाच्या तेलाचे थेंब लिहून देते," त्या म्हणाल्या. "अगदी मोजके, जिभेखाली. माझ्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत."

"विजया म्हणजे?"

"भांग."

काशीरामांनी खुर्ची मागे सरकवली. "डॉक्टर, मी सेक्रेटरी आहे!"

"मग?"

"गच्चीवर सिगरेट ओढली म्हणून मी पोरांच्या आईबापांना नोटीस लावलीय. उद्या माझीच नोटीस कोण लावणार?"

"काका, हे औषध आहे, रीतसर आहे. पण नुसत्या थेंबांवर भिस्त ठेवू नका. खरं काम सवयी करतात. दुपारनंतर चहा बंद. जेवण वेळेवर, पोटभर पण शांतपणे. मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर, एखाद्या टोपलीत. हवा खेळती हवी, उजेड मंद. आणि पडल्या पडल्या काहीतरी संथ, एका सुरातलं ऐका."

"आणि?"

"आणि ते सेक्रेटरीपद सोडा."

"घेणार कोण?" काशीरामांनी विचारलं. या प्रश्नाला वैद्यकशास्त्रात उत्तर नव्हतं.

थेंबांचा निर्णय काशीराम एकटे घेणं शक्यच नव्हतं. त्यांनी गावाला चुलतभावाला, नितेशला, फोन करून देवीला कौल लावायला सांगितलं. देवीने डावा कौल दिला, म्हणजे नको. बाटली फ्रिजच्या दारात, कोकमाच्या आगळाच्या बाटलीला टेकून उभी राहिली. "चहा सोडू का, हेपण विचार" असं नितेशला सांगायचं मात्र काशीरामांनी टाळलं. देवीने उजवा दिला असता तर?

पण देवीच्या आधी रत्नप्रभाबाईंनी उजवा दिला. "एकट्यासाठी मी वेगळा चाय टाकूचंय नाय, नि एकट्याक सोडून आमी पिऊचंव नाय. घरातच बंद!" वेताची एक टोपली दिवाणखान्यात आली आणि संध्याकाळ झाली की सगळ्यांचे मोबाइल तिच्यात जाऊन पडू लागले. सवयी लागल्या, पण काशीराम सोडून सगळ्यांना. ते "जरा मीटर बघून येतो" म्हणून खाली उतरायचे आणि कोपऱ्यावरच्या टपरीवर कडक कटिंग मारून यायचे.

तरी एक सल्ला त्यांना मनापासून पटला होता. सेक्रेटरीपद सोडायचं. आणि या वेळी त्यांच्याकडे बकरा तयार होता.

बी विंगचे नंदकिशोर मयेकर सोसायटीच्या ग्रुपवर रोज एक तक्रार टाकायचे. पाण्याचा दाब, झाडूवाल्याचा सूर, कबुतरं, जिन्यातला वास. एकदा तावातावात त्यांनी लिहून टाकलं, "माझ्याकडे द्या सेक्रेटरीपद, मग दाखवतो!" नंतर त्यांनी ते डिलीट केलं, पण काशीरामांनी आधीच फोटो काढून ठेवला होता. वार्षिक सभेत तो फोटो दाखवायचा, सूचक उभा, अनुमोदक उभा, टाळ्या वाजवायच्या आणि किल्ल्यांचा जुडगा मयेकरांच्या हातात देऊन घरी येऊन झोपायचं. आयुष्यात एवढा सरळ बेत काशीरामांनी कधी आखला नव्हता.

सभा रविवारी दुपारी, पार्किंगमध्ये. सुरमई, कोलंबी, तिसऱ्या, ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे जेवून मंडळी पोटावरून हात फिरवत आली आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांत सांडली. समुद्राकडून वारा येत होता. उन्हासाठी बांधलेल्या निळ्या ताडपत्रीतून मऊ उजेड झिरपत होता. गेल्या वर्षी अर्धी सभा मोबाइलवर मॅच बघत बसली होती, म्हणून काशीरामांनी या वेळी घरातली टोपली खाली आणली.

"मोबाइल ह्याच्यात टाका. मयेकर, तुमचासुद्धा."

"मी तक्रार करू कशी मग?"

"तोंडाने करा की! सवय राहील."

सभेत दरवर्षी सेक्रेटरीच्या घरचा आल्याचा चहा असायचा. पण परबांकडे चहाबंदी होती, म्हणून रत्नप्रभाबाईंनी मोठं पातेलं भरून गारेगार सोलकढी केली होती. पेले फिरले. मग अध्यक्ष जयवंत घाडीगावकर उठले. सोसायटीत बहुतेक सगळे मालवणकडचे, त्यामुळे सभा सुरू करताना आणि संपवताना गाऱ्हाणं घालायची रीत होती, आणि गाऱ्हाणं घालावं तर ते घाडीगावकर अण्णांनीच.

"बा देवा म्हाराजा, आज ही जी काय लेकरा-बाळा हय जमली असत, तेंका सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका आवाजात म्हणाले. 'सातेरी कृपा'त एकमत होणारी ही एकच गोष्ट होती.

काशीराम वाचायला उभे राहिले तर चष्मा वर राहिलेला. धावत वर गेले, चष्मा घेतला आणि जाता जाता पाण्यासाठी फ्रिज उघडला. दारात आगळाची बाटली अर्धी झाली होती. तिला टेकून विजयाची बाटली उभी होती. रिकामी.

काशीरामांचे डोळे बाटलीवरून बाटलीवर फिरले. आगळ गेलं सोलकढीत. मग हे कुठे गेलं?

"वाट लागली," ते फ्रिजला म्हणाले.

खाली येऊन बघतात तो पेले रिकामे. मयेकर दुसरा पेला चाटूनपुसून संपवत होते. "वहिनी, झकास झालीय हां कढी!" पण वहिनींनी ऐकलंच नाही. शेवटच्या रांगेत रत्नप्रभाबाई भिंतीला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या. करणारीचीच ही गत, तर पिणाऱ्यांचं काय?

"वाच रे काशीराम," अण्णा म्हणाले. "उशीर कशाक?"

काशीरामांनी फाईल उघडली आणि नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. "विषय क्रमांक एक. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सभा सुरू झाली असता सर्वप्रथम पाण्याच्या टाकीच्या झाकणाबाबत चर्चा करण्यात आली. सदर झाकण बसवण्यात आले असून ते सदर टाकीवर बसत नसल्याचे निदर्शनास आणण्यात आले..."

झाकण टाकीवर बसायच्या आत मयेकरांची मान छातीवर आली. मग ए विंगची पहिली रांग कलली. लिफ्टच्या वार्षिक देखभालीपर्यंत अण्णा गेले. पार्किंगच्या पट्ट्यांपर्यंत सूचकही गेला आणि अनुमोदकही, एकमेकांच्या खांद्यावर. फक्त श्रुतिका टेबलापाशी सोसायटीच्या नोंदीसाठी आवाज रेकॉर्ड करत बसली होती, आणि तिचीही हनुवटी तळहातात रुतत चालली होती.

काशीरामांना सगळं पुढचं दिसू लागलं. पोलिसांची गाडी, ताडपत्रीखाली आडवी पडलेली अख्खी सोसायटी आणि पेपरात स्वतःचा फोटो, तोही जुना, सोसायटीच्या ओळखपत्रावरचा. त्यांनी टोपलीतून आपला फोन उपसला आणि खांबाआड जाऊन डॉक्टरांना लावला.

"डॉक्टर, मी काशीराम. अख्खी सोसायटी झोपली हो!"

"बरं झालं की. दुपारची वेळ आहे."

"बरं काय? तुमचे थेंब सोलकढीत पडले! बाटली रिकामी!"

"बाटली?" डॉक्टर जरा अडखळल्या. "बाटलीचं तुम्ही काकूंना विचारा. मला ते सांगता येणार नाही. आधी सांगा, लोक उठवल्यावर उठतायत का?"

काशीरामांनी जवळच्या खुर्चीला पाय लावला. मयेकर दचकून उठले. "कबुतरं!" म्हणाले आणि डोळे चोळू लागले. मागे दोघांनी जांभया दिल्या. कोणीतरी विचारलं, "संपली काय?"

"उठतायत," काशीराम चकित होऊन म्हणाले. "आपसूक उठतायत."

"कधीपासून?"

"मी फोनवर आलो तेव्हापासून."

"आणि झोपले कधी?"

"मी वाचायला लागलो तेव्हा."

मग डॉक्टरांनी हळूच विचारलं, "काका, चहा दिला होता का?"

"आमच्याकडे बंद आहे. तुम्हीच सांगितलंत."

"मोबाइल?"

"टोपलीत."

"जेवण?"

"पोटभर जेवून आलेत सगळे. वारापण छान आहे. वर ताडपत्री..." काशीरामांचा आवाज बारीक होत गेला.

"आणि वर संथ, एका सुरातलं वाचन," डॉक्टर म्हणाल्या. "काका, मी तुम्हाला जे जे लिहून दिलं होतं, ते तुम्ही सगळं केलंत. फक्त दुसऱ्यांवर. थेंबांचा काही संबंध नाही. वाचणं थांबवा आणि तोंडी बोला."

काशीरामांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच अपमानाने बाहेरही आला. एवढी वर्षं ते ज्याला सभासदांचं एकाग्र ऐकणं समजत होते, ते हे होतं तर! पण रुसायला वेळ नव्हता. माणसं जागी होत होती. हीच संधी. ते टेबलापाशी आले, फाईल मिटली, किल्ल्यांचा जुडगा समोर ठेवला, दोन्ही हात जोडले आणि शब्द जुळवायला क्षणभर डोळे मिटले.

नेमकी तेव्हाच अण्णांना जाग आली. त्यांनी पाहिलं: फाईल मिटलेली, काशीराम हात जोडून, डोळे मिटून उभे, आणि सगळीकडे शांतता. हे दृश्य अण्णांना एकाच अर्थाने माहीत होतं. सभा संपली, शेवटचं गाऱ्हाणं बाकी. ते ताडकन उठले.

"बा देवा म्हाराजा! आज ही जी सभा झाली, ती गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अर्धे जागे, अर्धे झोपेत.

"अण्णा, थांबा—"

"कोणाची काय नजर-दिष्ट लागली आसात, ती भायरच्या भायर काढून टाक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"अण्णा, माझं ऐका—"

"आणि ह्या काशीरामान जशी आजवर सेवा केली, तशीच हेच्या फुडे पण हेच्याच हातून करून घे! हेका हलवू नको, बदलू नको, हयच ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!" सगळ्यांत मोठा आवाज मयेकरांचा होता. आणि त्या गजरात आणखी एक आवाज होता, जो ऐकून काशीराम स्वतःच हबकले. जन्मापासूनची सवय. गाऱ्हाण्याला हुंकार द्यायचा म्हटलं की तोंड माणसाला विचारत नाही. आपल्या फेरनिवडीला त्यांनी स्वतःच अनुमोदन दिलं होतं.

"एकमताने हां!" मयेकर टोपलीतला मोबाइल उचलत म्हणाले. "आता मागे हटायचं नाय, परब. देवासमोर झालंय."

घरी आल्यावर काशीरामांनी रिकामी बाटली रत्नप्रभाबाईंसमोर धरली. "हे कुठे गेलं?"

"माझ्या जिभेखाली."

"काय?"

"तुमका डावो कौल दिल्यान. माका कोणी डावो दिल्यान? मी गेलंय डॉक्टरणीकडे, माझ्या नावाची चिठ्ठी करून घेतलंय. त्यांनी इचारल्यानी, झोप का लागत नाय? मी सांगितलंय, घोव हलवता. त्यांनी तसाच लिवल्यानी. ही बाटली माझी. तुमची वर कपाटात आसा, सील पण फुटूक नाय."

"म्हणजे तू आज सभेत..."

"आज? आज कसले थेंब? ते रातीचे. आज तुमी वाचूक लागलात ना."

"मी वाचायच्या आधीच झोपली होतीस तू!"

"तुमी फाईल उघडूक जातास, ह्या कळला, तेवढ्यान लागली."

गोष्ट इथे संपली असती, पण श्रुतिकाने सभेचं रेकॉर्डिंग सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. दुसऱ्याच सकाळी मयेकरांचा मेसेज आला. त्यात तक्रार नव्हती. "कित्येक वर्षांत असा झोपलो नव्हतो. टाकीच्या झाकणापलीकडे काय होतं ते कळलंच नाही. लिफ्टचा भाग वेगळा मिळेल का?" बी विंगमधल्या एका बाळंतिणीने लिहिलं की बाळ फक्त थकबाकीच्या यादीवर शांत होतं. वॉचमनसुद्धा ते लावून झोपू लागला. डॉक्टर कांबळ्यांनी ते मागवून घेतलं आणि रत्नप्रभाबाईंचे थेंब कमी करत करत बंदच केले.

म्हणजे जमाखर्च मांडायचाच तर नफा सगळ्यांचा झाला. बायको झोपली, वॉचमन झोपला, मयेकर झोपले, मांजरांना एकांत मिळाला. देवीचाही शब्द राहिला. या सगळ्याची भरपाई एकाच खात्यातून झाली.

कारण काशीरामांनीही ते लावून पाहिलं. टाकीच्या झाकणापाशीच ते ताडकन उठून बसले. 'सदर' शब्द दोनदा आला होता. दिवा लावून त्यांनी दुरुस्ती लिहून ठेवली आणि बायकोला हलवलं.

"झोप लागली का गं तुला?"

रत्नप्रभाबाई हलल्या नाहीत. बाहेरच्या टोपलीतून काशीरामांचाच आवाज संथपणे आला, "विषय क्रमांक दोन. लिफ्ट."