दरोग्याची शांतता

ज्या गावात आवाज नाही त्या गावाची प्रगती झालेली नाही, हे आता जाणकारांनी मान्य केलेलं आहे. या हिशेबाने झरी हे प्रगत गाव. दिवाळीचे फटाके कुठेही वाजतात. झरीत साहेबांचा वाढदिवस, त्यांच्या चिरंजीवांचा वाढदिवस, साहेबांचा एका पक्षातून राजीनामा आणि दुसऱ्यात प्रवेश (दोन्हींच्या माळा वेगळ्या) हेही वाजवूनच साजरं होतं. निवडणुकीत जिंकणारा वाजवतो आणि पडणाराही वाजवतो, कारण दुकानदार आणलेला माल परत घेत नाही.

अशा प्रगतीला एक कुत्रा घाबरत असे, ही खेदाची बाब होती. त्याचं नाव दरोगा. तो मुंजाजीची मेंढरं राखायचा. लांडग्याच्या अंगावर जाणारा हा गडी पहिला सुतळी बॉम्ब वाजला की ज्वारीच्या कणगीमागे घुसायचा. मागच्या विजयी मिरवणुकीत तर तो दावं तोडून पळाला आणि दुसऱ्या दिवशी बोरीच्या रस्त्याला उसाच्या फडात सापडला. (विजयी उमेदवार अजून सापडलेला नाही.) पुन्हा पळाला तर ट्रकखाली येईल, या धास्तीने मुंजाजीला घास जाईना.

म्हणून साहेबांच्या वाढदिवसाआधी तो बबलूकडे गेला. बबलू साहेबांचा कार्यकर्ता. गावातला प्रत्येक फटाका त्याच्याच हातून पेटे.

"बबलूभाऊ, औंदा जरा कमी वाजवा. दरोगा लय भेतो."

"काका, साहेब सोता प्राणीप्रेमी हायत. त्याची बी सोय केलीय," म्हणत बबलूने मोबाइल पुढे धरला. पडद्यावर साहेब मांजरीचं पिल्लू कुरवाळत होते. खाली सूचना होत्या: प्राण्याला शांत जागी न्यावे, मंद संगीत लावावे, मऊ आवाजात बोलावे. (फटाके कमी वाजवावेत, ही सूचना जागेअभावी राहिली असावी.)

इथे घरातली एक अडचण सांगायला हवी. मुंजाजी आणि त्याची बायको दैवशाला एकमेकांशी बोलत नव्हते. दसऱ्याला गंगाखेडला मेव्हण्याच्या घरी जेवताना मुंजाजीने मेव्हण्याच्या बायकोला भरल्या पंगतीत सांगितलं होतं, "वैनी, असं पिठलं म्या जन्मात खाल्लं न्हाई." दैवशाला जन्मभर त्याला पिठलंच करून घालत आली होती. तेव्हापासून भाकरी वेळेवर ताटात पडे, तांब्या समोर येई, शब्द मात्र येत नसे. शेजारपाजारचे या घराच्या शांततेचं उदाहरण देत.

वाढदिवसाच्या संध्याकाळी पहिली माळ लागली आणि दरोगा कणगीमागे थरथरू लागला. मुंजाजीने सूचनांचं पालन सुरू केलं. शांत जागा म्हणजे गावात एकच, वाचनालय. पण तिथली शांतता वाचकांमुळे बिघडू नये म्हणून त्याला कायमचं कुलूप होतं. मंद संगीत लावलं, ते बाहेरच्या डीजेने गिळलं. उरला मऊ आवाज.

"राजा, भिऊ नगंस रं माझ्या बाळा..."

दरोग्याचे डोळे पांढरे झाले. त्याच्याशी मऊ आवाजात आयुष्यात एकदाच कुणीतरी बोललं होतं, आणि लगेच सुई टोचली होती. तो जिवाच्या आकांताने दाराकडे झेपावला. मुंजाजीने त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि दोघंही फरफटत उंबऱ्यापर्यंत गेले.

तेव्हा चुलीपाशी बसलेल्या दैवशालेचं मौन सुटलं.

"सोडा की त्याला! गळा दाबून मारायलाव का काय? मोठे आले लाड करणारे!"

दरोगा थांबला. त्याचा एक कान वर झाला.

"मंग काय करू? तू तर तोंड शिवून बसलीस!" मुंजाजीही ओरडला.

"बसनार न्हाई तर काय! जावा की त्या गंगाखेडच्या पिठल्याकडं!"

दरोगा खाली बसला. कळायला लागल्यापासून तो याच आवाजात जेवला आणि झोपला होता. दोघं चकित होऊन गप्प झाले, तशी त्याची थरथर पुन्हा सुरू झाली.

"बोला," दैवशाला म्हणाली.

"काय बोलू?"

"काय बी बोला, पर वरडून बोला!"

मग बाहेर बॉम्ब आणि आत भांडण, असा कार्यक्रम रंगला. पिठलं झालं, नणंदेच्या लग्नातलं लुगडं झालं, हरवलेली कात्री झाली. दरोग्याने पंजांवर हनुवटी टेकली. शेवटी घसा बसलेला मुंजाजी ओरडला, "अगं, त्या पिठल्यात मीठच नव्हतं! म्हणून म्हनलो, असं जन्मात खाल्लं न्हाई!"

(हे तेव्हाचं खरं कारण होतं की आत्ता सुचलेलं, याचा तपास झालेला नाही.)

दैवशालेने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. "मंग तवाच सांगायचं न्हाई का ओ?" दरोगा घोरत होता.

सकाळी बबलूने 'साहेबांच्या मार्गदर्शनाने मुक्या जीवास शांती' असा मजकूर गावभर पाठवला. दुपारी ग्रामपंचायतीचा माणूस मुंजाजीला समज देऊन गेला: काल रात्री तुमच्या घरातल्या आवाजाचा गावाला त्रास झाला.

तुमच्या घराबद्दल अशी तक्रार कधी आली नसेल. तुम्ही निवांत हे वाचताय, आतून कुणाचा आवाज नाही, म्हणजे सगळं ठीकच असणार. तरी एकदा आत जाऊन विचारून या.