मेहरीनचा निकाह आणि शॉकचं मशीन

"म्हणजे माझी रजा मफी? मिळणारच नाही?" स्टोअरकीपर जमालुद्दीन ओरडलाच.

"रजा आहे. फक्त तुम्हांला जाता येणार नाही," मॅनेजर बासितसाहेब शांतपणे म्हणाले.

अठ्ठ्याण्णव साली आखातातल्या मआमीरच्या त्या वर्कशॉपात बंद पडलेल्या हृदयाला शॉक देणारं मशीन आलं, आणि पाठोपाठ कंपनीचा नियम आला. ट्रेनिंगचं कार्ड असलेल्यानंच मशीनला हात लावायचा, आणि असा एक तरी माणूस वर्कशॉपात कायम हजर पाहिजे. ट्रेनिंगमध्ये माणसाएवढ्या रबरी बाहुलीच्या तोंडाला तोंड लावून श्वास भरायचा असे, त्यामुळे कुणी तयार होईना. जमालुद्दीन मात्र हात वर करून मोकळा झाला. मिळालेलं कार्ड तो गळ्यात घालूनच जेवायला बसे. हौस दांडगी! आता रत्नागिरीला लेकीचा, मेहरीनचा, निकाह तोंडावर आला, आणि अख्ख्या वर्कशॉपात कार्डवाला एकटा हाच.

"दुसरा माणूस तयार करा आणि खुशाल जा," साहेब म्हणाले.

दुसरा म्हणजे कोण? खोलीतला जोडीदार, क्रेनवाला शिवदास. गडी कराडकडचा.

"न्हाई बाबा! त्या रबरी बाहुलीच्या तोंडाला तोंड लावायचं? गावात कळलं तर?"

"गावात कोण सांगायला जातंय?" जमालुद्दीननं त्याला रोज बांगड्याचं कालवण खाऊ घातलं, त्याचे कपडे धुतले. तेवढ्यानं भागेना तेव्हा गळ्यात पडून म्हणाला, "अरे, तू मेहरीनचा चाचा! तुझ्याशिवाय निकाह होतोय होय?"

शिवदास विरघळला. डोळे घट्ट मिटून त्यानं बाहुलीला तोंड लावलं आणि कार्ड मिळवलं. जमालुद्दीन नाचतच साहेबांकडे गेला.

"शिवदास? तो तर रजेवर चाललाय," साहेब म्हणाले. "मागच्याच आठवड्यात मंजूर केली. तेव्हा त्याच्याकडे कुठं कार्ड होतं?"

जमालुद्दीन धावत क्रेनपाशी आला. "शिवदास, मेल्या, कुठं निघालास तू?"

"कुठं म्हंजे? मेहरीनच्या निकाहला! तुम्हीच म्हनलात न्हवं, माझ्याबिगर हुनार न्हाई?"

जमालुद्दीन तिथल्याच एका जुन्या टायरवर बसला. त्याला खरंच रडू फुटलं. लेकीच्या निकाहला चाचा हजर, आणि बाप इथं मशीन राखत बसणार!

"उठा, जमालभाई. मी बघतो," शिवदास म्हणाला.

त्यानं काय जादू केली कोण जाणे. दोनच दिवसांत बासितसाहेब टाय खांद्यावर टाकून बाहुलीपुढे गुडघे टेकून बसलेले सगळ्यांनी पाहिले. कार्ड साहेबांच्या गळ्यात पडलं आणि या दोघांची सुटका झाली.

विमानतळाकडे जाताना मुहर्रकच्या पुलावर जमालुद्दीनला राहवेना. "साहेबांना पटवलंस तरी कसं?"

"तुमच्यावानीच. मे महिन्यात माझ्या रुपालीचं लगीन हाय की. म्हनलं, साहेब, तुमच्याबिगर अक्षता पडायच्या न्हाईत. कैक वर्सांत गावाकडचं लगीन बघितलं न्हाई म्हनाले बिचारे. लगेच कबूल!"

"वा! म्हणजे तू तिकडे, साहेब तिकडे. मग मशीनपाशी कोण?"

शिवदास खिडकीतून समुद्राकडे बघायला लागला.

"आवतन तुम्हांला बी हाय, जमालभाई. अगदी रीतसर. फकस्त येऊ नका."