म्हशींच्या अंड्यांचे पिंगळेसर

बारशाला गेलेला माणूस बाळाकडे बघून "अगदी आईवर गेलंय हो" म्हणतो. आमच्या शेजारचे पिंगळेसर म्हणाले, "या एका बाळासाठी किती अंडी मेली असतील, कल्पना आहे?" हातात घुगऱ्यांचा द्रोण आणि चेहऱ्यावर निखळ आनंद. बाळाच्या आजीने तो द्रोण काढून घेतला नाही, हा तिचा मोठेपणा.

सर पशुवैद्यकातले संशोधक. विषय, म्हशीच्या अंडाशयात पेशींना मरायला लावणारी जनुकं. नाशिकमध्ये राहून माणूस द्राक्षांवर बोलेल, गेला बाजार कांद्यावर. सरांना म्हशीच्या पोटातलं स्मशान सापडलं. कत्तलखान्यातून अंडाशयं थर्मासमध्ये घालून ते प्रयोगशाळेत नेतात. एकदा तो थर्मास सोसायटीच्या मीटिंगला टेबलावर राहिला आणि सेक्रेटरींनी चहाचा समजून उघडला. तेव्हापासून मीटिंगा चहाविना होतात आणि लवकर संपतात. सरांनी सोसायटीवर केलेला हा एकमेव उपकार, असं मी सगळ्यांना सांगत असे.

"खून नाही हो तो!" हे त्यांचं पालुपद. "अंडाशयात हजारो अंडी. पिकतं एखादंच. बाकीच्यांत ही जनुकं जागी होतात आणि पेशी शिस्तीत आवरतं घेतात. सूज नाही, आरडाओरडा नाही." एवढी शिस्त आमच्या पार्किंगमध्येसुद्धा नाही.

यंदा मूल व्हावं म्हणून माझ्या बायकोचे, वैशालीचे, उपचार चालू होते. डॉक्टर म्हणाले, अंडी वाढता वाढता मध्येच थांबली. माझ्या आईने निदान पुढे नेलं. "सातपूरच्या कारखान्यातल्या त्या शिफ्टा, वर खड्ड्यांतून स्कूटर. दुसरं काय होणार?" वैशाली कंपनी सोडते म्हणाली.

आईचा आवाज जिन्यापर्यंत जातो. संध्याकाळी सर दारात हजर. म्हटलं, झालं! आता हा माणूस मेलेल्या अंड्यांचं कौतुक सांगणार.

"वहिनी," चपला न काढताच ते म्हणाले, "आमची एकही म्हैस सातपूरला शिफ्टला जात नाही. स्कूटर तर नाहीच नाही. तरी तिचीही बहुतेक अंडी अशीच मध्ये थांबतात. तुमचं काही चुकलेलं नाही."

वैशाली फिसकन हसली आणि मग कितीतरी दिवसांनी मोकळेपणी रडली. मला या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

आई सहजासहजी हार मानणारी नव्हे. "तुम्हाला हो काय कळतं बायकांचं? घरात बाई तरी आहे का?"

"होती ना," सर म्हणाले. "तिलाही सगळे असंच बोलायचे. ती मला विचारायची, माझं काय चुकलं हो? मला तेव्हा यातलं काही येत नव्हतं. मग शिकायला लागलो."

ते जिन्याकडे वळले.

"तिला सांगण्याजोगं कळलं, तोवर ती राहिली नाही, काकू."