बोका जेवत नाही

बायकोच्या विम्याचे पैसे बँकेत येऊन पडले होते आणि निरीक्षकांना तिकडे बघवत नव्हतं. जिवंतपणी त्या माउलीने स्वतःसाठी कधी धड छत्री घेतली नाही, आणि गेल्यावर ही एवढी रक्कम! खर्च करावी तर हात धजत नाही, नुसती ठेवावी तर मुलगा दर रविवारी फोनवर डोकं खातो.

"बाबा, पैसे नुसते कुजतायत. मी सांगतोय ती सॉफ्टवेअर कंपनी बघा. स्वतः काही बनवत बसत नाही. दुसऱ्यांनी उभ्या केलेल्या छोट्या छोट्या कंपन्या विकत घेते आणि फुगत जाते."

"आणि घेतल्यावर त्यांचं काय करते?"

"नीट सांभाळते."

"कोण म्हणतं?"

"कंपनीच म्हणते ना!"

झालं! वजनमापे खात्यात हयात घालवलेल्या माणसाला हे सांगायचं? दुकानदार "माल पुरा आहे, साहेब" म्हणाला की निरीक्षकांचा हात आधी पारड्याखाली जायचा. आणि त्यांची तपासणीची रीत एकच. साहेब म्हणून जायचंच नाही, गिऱ्हाईक बनून जायचं. आता पेन्शनीत निघाले म्हणून रीत थोडीच सुटते? त्या कंपनीने नुकतंच जनावरांच्या दवाखान्यांचं सॉफ्टवेअर बनवणारी एक चिमुकली कंपनी गिळली होती. निरीक्षकांनी तिच्या मदतकेंद्राला फोन लावला आणि घसा खाकरून जाहीर केलं, "मी जनावरांचा डॉक्टर बोलतोय. तुमचा प्रोग्राम चालत नाही."

त्यांना वाटलं होतं, मशीन बोलेल, मग गाणं वाजेल, मग लाइन कटेल आणि आपण मुलाला नाही म्हणून मोकळे. पण पलीकडे एक बाई होत्या, आवाजावरून पन्नाशीच्या.

"बोला डॉक्टर, कुठला पेशंट अडलाय?"

निरीक्षकांची तारांबळ उडाली. आयुष्यात कधी कुत्रं पाळलं नव्हतं. "बोका," ते म्हणाले. "म्हातारा आहे. त्याची नोंदच होत नाही."

"तक्रार काय आहे त्याची?"

"जेवत नाही."

"कधीपासून?"

"घरातली दुसरी मांजर गेली. तेव्हापासून."

हे तोंडातून कसं निघून गेलं, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. बाई म्हणाल्या, "नोंदीचं मी बघते. पण डॉक्टर, त्याला एकट्याला ताटलीसमोर सोडू नका. कुणीतरी शेजारी बसा. नुसतं बसलं तरी खातात."

तपासणी तिथेच संपायला हवी होती. माल चोख होता. पण चांगला निरीक्षक एका वजनावर निकाल देत नाही, अशी स्वतःची समजूत घालून त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन लावला, आणि तिसऱ्या दिवशीही. वेळ नेमकी जेवणाची साधायची. बाई विचारायच्या, "आज किती खाल्लं बोक्याने?" आणि निरीक्षक समोरच्या ताटाकडे बघून सांगायचे, "अर्धं. भाजी टाकली."

"बोका भाजी खातो?"

"आमचा खातो," निरीक्षक घाईघाईने म्हणायचे आणि टाकलेली भाजी संपवायचे.

महिनाभरात बोक्याचं वजन वाढलं. शेजारणीने जिन्यात अडवून म्हटलंसुद्धा, "तब्येत सुधारली हो तुमची." शेवटी निरीक्षकांनी निकाल दिला: जी कंपनी अशी माणसं सांभाळते, ती खोटी असणार नाही. बायकोचे सगळे पैसे त्यांनी तिच्या शेअरमध्ये घातले आणि कितीतरी दिवसांनी दुपारी निवांत झोपले.

त्यानंतरच्या आठवड्यात मुलाचा फोन आला. आवाजात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"बाबा, मानलं तुम्हाला! शेअर कसला उडालाय आज!"

"का? काय झालं?"

"खर्च कापलाय त्यांनी. मदतकेंद्रंच बंद करतायत, आता मशीन उत्तरं देणार. कोण फोनवर किती वेळ घालवतं ते मोजलं म्हणे, आणि जास्त बोलणाऱ्यांना आधी काढलं. हुशार माणसं आहेत हो!"

रोज जेवणभर बाईंना फोनवर धरून ठेवणारे निरीक्षकच होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या काट्याखाली हात घातला, आणि या वेळी त्यांचाच हात पारड्यावर पडला होता. समोर वाढलेलं ताट तसंच ठेवून त्यांनी फोन लावला.

"बोला डॉक्टर," बाई म्हणाल्या. "बरं झालं आज केलात. उद्या मी नाही."

"मॅडम, मी डॉक्टर नाही."

"माहीत आहे. पहिल्याच दिवशी शोधलं मी. तुमच्या नंबरचा दवाखानाच नाही आमच्याकडे."

"मग बोललात कशाला माझ्याशी?"

"बाकीचे सगळे खेकसायलाच फोन करतात हो. तुम्ही एकटेच 'तुम्ही कशा आहात' विचारायचात."

"माझ्यामुळे तुमची नोकरी गेली."

"जाणारच होती. थोडी आधी गेली."

"आणि मी त्या कंपनीचे शेअर घेतलेत," निरीक्षक म्हणाले. "बायकोचे पैसे होते. गेलेली मांजर म्हणजे..."

"तेही कळलं होतं मला." बाईंनी नाक ओढलं. "शेअर असू द्या. आम्हाला काढल्यावर वाढतातच ते. तुम्ही जेवलात का?"

"नाही."

"मग बसा जेवायला. मला सुटायला अजून अवकाश आहे. फोन ठेवू नका."

निरीक्षकांनी फोन ताटाशेजारी ठेवला आणि डोळे पुसून पहिला घास घेतला. पलीकडे बाई टेबलाचे खण रिकामे करत होत्या.