लांजेवार डॉक्टरांचं मत

आमचे लांजेवार डॉक्टर माणसाला नावानं ओळखत नाहीत, खुणेनं ओळखतात. वैद्यकीय दाखल्यावर ओळखीच्या दोन खुणा लिहाव्या लागतात, हे मान्य. पण ती सवय दवाखान्यातच ठेवावी की नाही! शहापूरला माझ्या मुलीच्या लग्नात मी नवरदेवाची ओळख करून दिली. यांनी त्याला न्याहाळलं, "उजव्या भुवईवर जुना व्रण, ठीक," म्हणाले आणि जेवायला गेले. व्याही मला बाजूला घेऊन विचारतात, "यायनं काय पाह्यलं जी?"

भंडारा जिल्ह्यातल्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात मी सिस्टर आहे. सहा वर्षं या माणसाच्या हाताखाली काढली, म्हणून स्पष्ट सांगते: एवढा भित्रा डॉक्टर मी पाहिला नाही. साधी डोकेदुखीची गोळी लिहिली तरी वेळ मिनिटासकट टाकणार, वर माझी सही घेणार. "उद्या कोर्टानं विचारलं, तर?" कोर्टाला जसा दुसरा धंदाच नाही!

दुसरं पेटंट वाक्य म्हणजे "मत राखून ठेवतो." शवविच्छेदन झालं, पण रासायनिक तपासणीचा अहवाल यायचा आहे, अशा वेळी मृत्यूच्या कारणापुढे हे लिहितात. हे गृहस्थ वांग्याच्या भाजीबद्दलही मत राखून ठेवायचे. त्यांची बायको पोरं घेऊन नागपूरला राहते. तिनं कधी लाडानं काही विचारलं असेल आणि यांनी मत राखून ठेवलं असेल, असं म्हणून आम्ही सिस्टर लोक खिदळायचो. आमच्या खोलीत चहा व्हायचा, पण त्यांना कुणी बोलवत नसे, आणि तेही येत नसत.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी पोलिसांनी श्रावणला आणलं. जवळच्या राईस मिलमधला हमाल, चाळिशीचा. मशीनच्या पट्ट्यात हात गेला, छाती चेपली. आणला तेव्हाच संपलेला होता. मागोमाग मिलचा मॅनेजर आला, पांढऱ्या शर्टात, आणि थेट डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरला. मी आत रजिस्टर लिहीत होते.

"साहेब, दारू पिऊन होता. जागेवरच गेला. एवढंच लिहून द्या, बाकी आमी पाहून घेतो."

म्हणजे चूक श्रावणची, मिल मोकळी. मला वाटलं, झालं. हा माणूस आता मत राखून ठेवणार. ना याच्या अंगाला काही लागणार, ना मॅनेजरच्या. डॉक्टर "बघतो" म्हणाले आणि शवविच्छेदनाच्या खोलीकडे निघाले. मी मनातल्या मनात शिवी दिली.

दुपारी कागद माझ्यापुढे आला. तो मी दोनदा वाचला. पोटात दारूचा वास नाही. रक्त तपासणीला पाठवलं आहे. मृत्यू छातीच्या जखमेनं, रक्तस्रावानं. आणि खाली, त्याच सुवाच्य भित्र्या अक्षरात: जखम झाल्यावर हा इसम सुमारे अर्धा तास जिवंत असावा.

मिल दवाखान्यापासून दहा मिनिटांवर आहे.

मॅनेजर भडकला. "डॉक्टर, काहून जीवावर उठून राहिले? वरतून फोन आला तर गडचिरोलीच्या टोकाले जा लागन!"

"जाईन," डॉक्टर म्हणाले. आवाज चिरकला होता. "पण हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आता बदलत नाही."

मॅनेजर दार आपटून गेला. डॉक्टर पुन्हा त्या खोलीत गेले. श्रावणची बायको गावाहून यायला निघाली होती, म्हणून मी सांगायला गेले, तर सफाई कामगाराला बाहेर बसवून हे स्वतः काम करत होते. टाके बारीक घातले होते. श्रावणच्या केसांत अडकलेला मिलमधला धानाचा कोंडा ओल्या फडक्यानं पुसत होते, आणि त्याच्याशी बोलत होते.

"झालंच आता. हात चादरीखाली घेतो. तिला दिसायला नको."

सहा वर्षांत इतक्या मऊ आवाजात ते आमच्यापैकी कुणाशी बोलले नव्हते. मी न सांगताच मागे फिरले.

बायको आली. उन्हाळी धानाची रोवणी सोडून बांधीतून तशीच आलेली, पाय चिखलानं भरलेले. तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला, गालावरून हात फिरवला. रडली नाही. डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "डागदरसाब, त्याइले लय तरास झाला का जी?"

कागद अजून माझ्या हातात होता.

"नाही," डॉक्टर म्हणाले. ताबडतोब, तिच्या डोळ्यांत पाहून. "कळलंसुद्धा नाही त्यांना. एका क्षणात."

"देवा," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं खाली बसून रडली.

कधी ना कधी तिला तो कागद कुणीतरी वाचून दाखवेलच. हे डॉक्टरांनाही ठाऊक होतं. ते नळावर गेले आणि कितीतरी वेळ हात धूत राहिले, साबण संपेपर्यंत. शेवटी मीच नळ बंद केला.

"सर, आमच्या खोलीत चहा ठेवलाय. येता?"

ते माझ्याकडे बघत राहिले, जणू मी दुसऱ्याच कुणाला बोलावलं होतं. मग आले. कोपऱ्यातल्या स्टुलावर अवघडून बसले आणि अख्खा कप प्याले. मी न विचारता दुसरा कप ओतला, तोही त्यांनी घेतला.