ठिपकेकरांच्या घरचं रक्त

एका जंगलात, बाळांनो, चितळांचं एक भारी घरंदाज कुटुंब राहायचं. आडनाव ठिपकेकर. तसे ठिपके सगळ्याच चितळांना असतात, पण हे त्यांना सांगणार कोण!

घरातले मोठे आबासाहेब. पाडस जन्मलं की ते त्याच्या कानावर कुळाचं चिन्ह गोंदवायचे. सुई एकच, पणजोबांपासून चालत आलेली. एकाचा कान झाला की पुसायची आणि डबीत ठेवायची. उकळणं वगैरे म्हणजे सुईचा अपमान. सुना बाहेरच्या, म्हणून त्यांना हा मान नव्हता.

एकदा काय झालं, आबासाहेबांची सून चंद्रा बाळंत झाली. पाडस गोजिरवाणं झालं, पण चंद्राचं रक्त काही थांबेना. तिला तातडीनं दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टर होत्या साळिंदरबाई.

बाई म्हणाल्या, "रक्त चढवावं लागेल. घाबरू नका, गट जुळणारी बाटली तयार आहे. तपासून ठेवलेली."

"कोणाची?" आबासाहेबांनी विचारलं.

"गंगू तरसाची."

झालं! आबासाहेबांची शिंगं थरथरली. "शिव शिव! आमच्या सुनेच्या अंगात तरस?"

"अहो, बाटलीत तरस नसतो. रोग असतो किंवा नसतो. हिच्यात नाही."

"ते काही नाही. आमचा पुतण्या रणधीर देईल रक्त."

रणधीर पुढे झाला. मान अशी जाड, तब्येत ठणठणीत. गटही जुळला.

"आधी तपासते," बाई म्हणाल्या.

"ठिपकेकरांचं रक्त तपासणार? त्याच्या तोंडाकडे तरी बघा!"

बाईंनी बघितलं. तोंड छानच होतं. "तोंडावरून कावीळ कळत नाही हो," असं त्या सांगत होत्या, तेवढ्यात आबासाहेबांचे दोस्त, जंगलाचे प्रधान कोल्होबा, यांचा निरोप आला. आबासाहेब म्हणतील तसं करा.

"मला तरसाचं चालेल," चंद्रा हळूच म्हणाली. "मला माझ्या बाळाला वाढवायचंय."

"सुनेनं मध्ये बोलू नये," आबासाहेब म्हणाले.

बाईंनी तपासणी राहू दिली. त्यांनाही नोकरी होती ना, बाळांनो! रणधीरचं रक्त चढवलं. चंद्रा उठून बसली. रणधीरला हार घातला, तो त्यानं तिथेच खाल्ला. सगळीकडे आनंदीआनंद.

काही महिन्यांनी चंद्राचे डोळे पिवळे झाले. चारा नको, पाणी नको. बाईंनी तिला तपासलं आणि मग रणधीरलाही. काविळीचा रोग त्याच्या रक्तात लहानपणापासून मुकाट बसला होता. कान गोंदवायच्या सुईवाटे आलेला.

"म्हणजे तरसाकडून नाही ना आला?" आबासाहेबांनी विचारलं.

"नाही. तुमच्याच घरचा आहे."

"हुश्श!" आबासाहेबांचा जीव भांड्यात पडला.

मग त्यांना आठवलं की आजारपणाच्या गडबडीत पाडसाचा कान राहूनच गेला. नदीकाठी सगळा कळप जमला. आबासाहेबांनी डबी उघडली.

चंद्राला धड उभं राहवत नव्हतं. तरी ती उठली. पाडसाला तिनं पाठीमागे घेतलं आणि खुराच्या एका फटक्यात डबी सुईसकट नदीत उडवली.

"याचा कान कोराच राहील, मामंजी!"

कळपात कुजबुज झाली. "बघा, तरसाचं घेतलं नाही तर ही तऱ्हा. घेतलं असतं तर काय केलं असतं हिनं!"

आबासाहेबांनी दुसऱ्याच दिवशी नवी सुई आणली. उकळायची नाही, असं बजावून.

तर बाळांनो, तात्पर्य असं की घरचं रक्त कधी तपासू नये. तपासलं तर अख्ख्या घराण्याची अब्रू जाते. नाही तपासलं, तर फार तर एखादी सून जाते.