गाडीला नेसवलेलं लुगडं

मनमोहनराव विजयकरांनी गाडीची किल्ली दौलतच्या हातावर ठेवली, पण सोडली नाही. तिचं दुसरं टोक अजून त्यांच्याच चिमटीत होतं.

"एक कण," ते म्हणाले. "गिअरच्या ऑइलमध्ये वाळूचा एक कण सापडला, की गाडी त्याच क्षणी गिरगावात परत. मग निवडणूक असो नाहीतर प्रलय."

"एकसुद्धा नाही सापडणार, साहेब."

"मी स्वतः तपासणार. पांढऱ्या रुमालाने."

मग कुठे किल्ली सुटली.

ही व्हॅन लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातून आलेली. चारही चाकांना जोर असलेली, वाळवंटात घाला की चिखलात घाला, हूं की चूं करणार नाही अशी. मनमोहनरावांनी ती घेतली आणि अकरा वर्षं दर रविवारी गिरगावातून माहीमला मेव्हण्याकडे नेली, डांबरी रस्त्याने, बैलगाडीच्या वेगाने. पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा त्यांनी एकदाही ओढला नव्हता. त्या दांड्याच्या गोळ्यावर त्यांच्या पत्नी सरोजिनीबाईंनी विणलेली लोकरीची टोपी होती. पहिलवान पोसायचा आणि त्याला फुलं वेचायला लावायचं, तशातला हा प्रकार होता.

पण सत्तावनची निवडणूक तोंडावर आली होती. परळ-लालबागच्या समितीकडे माणसं होती, गळे होते, जिद्द तर उतू जात होती. गाडी तेवढी नव्हती. शनिवारी दादरच्या चौपाटीवर सभा ठरली, आणि शुक्रवारी हुकूम आला की कर्ण्याची गाडी रस्त्यावर उभी करायला मनाई आहे.

"रस्त्यावरच ना?" दौलत राणे म्हणाला. "वाळू काय रस्ता आहे? आपण वाळूत उभी करू."

चिंचपोकळीला रेल्वेच्या भिंतीला टेकून त्याचं छोटंसं गॅरेज होतं आणि मनमोहनरावांची गाडी गेली अकरा वर्षं तोच बघत होता. गाडी मी आणतो, असा भर बैठकीत तो शब्द देऊन बसला. आता ही गाडी परत गेली असती तर पुढचे तीन आठवडे परळचा सगळा प्रचार पायी झाला असता, आणि दौलतचं नाक कापलं गेलं असतं ते वेगळंच.

शनिवारी सकाळपासून तो गाडीखाली आडवा झाला. बाहेरून लागलेलं सगळं ग्रीस त्याने आधी पुसून काढलं. ग्रीसला वाळू चिकटते आणि मग तेच मिश्रण लोखंड खाऊ लागतं. आसांवर हवा खेळण्यासाठी एकेक बारीक भोक असतं. तिथून वाळू आत जाऊ नये म्हणून त्याने डॉक्टरांच्या कंपाउंडरकडून एनिमाच्या दोन रबरी नळ्या आणायचं ठरवलं. त्या भोकाला जोडून वर छपराशी नेल्या की गाडी वरच्या वर श्वास घेणार. राहिला शाफ्ट, म्हणजे गाडीच्या पोटाखाली गरगर फिरणारा तो लांबलचक लोखंडी दांडा. त्याच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांना कापडाच्या पट्ट्या बांधायच्या होत्या.

"आई, एखादं जुनं लुगडं दे," तो म्हणाला. "फाडून पट्ट्या करतो."

रमाबाईंनी हिरवं, लाल काठांचं लुगडं आणलं. जुनं होतं, पण कुठे उसवलेलं नव्हतं. दौलतने कातर उचलली मात्र, त्या कडाडल्या.

"ठेव ती खाली, मेल्या! माझा अखंड लुगडा फाडूचा नाय, सांगान ठेवतंय!"

"अगं, मग बांधू कसं?"

"तू तुझ्ये नळ्ये घेवन ये. गुंडाळूचा कसा, ता माका शिकवतंस? एकवीस वर्षां मी वायंडिंगात आसंय!"

गिरणीच्या वायंडिंग खात्यात त्यांनी मैलोन्‌मैल सूत गुंडाळलं होतं. दौलत नळ्या आणायला गेला. परत येऊन गाडीखाली डोकावला, तर शाफ्ट नऊवारी नेसून बसला होता. या सांध्यापासून त्या सांध्यापर्यंत लुगडं चापूनचोपून लपेटलेलं, आणि वर कासोटा घालून घट्ट खोचलेला.

"आई! हा फिरतो, मिनिटाला शेकडो वेळा!"

"मग काय झाला? मी बारा तास उभी असतंय, माझो कधी सुटलो?"

चार वाजले होते. सभा साडेपाचला. दौलतने कासोटा ओढून पाहिला. तो खरंच सुटेना. त्याने नळ्या जोडल्या, वाळूत रुतू नयेत म्हणून चाकांतली अर्धी हवा काढली, आईला शेजारी बसवलं, कर्णा चढवला आणि गाडी काढली.

चिंचपोकळीपासून दादरपर्यंत लुगडं इज्जतीत राहिलं. चौपाटीवर आल्यावर दौलतने लोकरीची टोपी काढून दांडा ओढला. अकरा वर्षांनी पुढच्या चाकांना जोर मिळाला आणि गाडी वाळूवरून अशी निघाली, की सभेला आलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनमोहनरावसुद्धा आले होते, इस्तरीचा कोट, पंप शू आणि खिशात पांढरा रुमाल घालून. ते रस्त्याच्या कडेला, वाळू जिथे सुरू होते तिथून बरोबर दोन पावलं अलीकडे उभे होते.

टाळ्या ऐकून दौलतला चेव आला. त्याने आणखी एक फेरी मारली. तेवढ्यात एका उंचवट्यावर गाडी उडाली, कासोट्याचं टोक ब्रेकच्या सळईत अडकलं, आणि पुढचं सगळं वायंडिंग खात्याच्या शिस्तीने झालं. लुगडं एका टोकाने उलगडत गेलं, दुसऱ्या टोकाने गोळा होत गेलं. शाफ्ट आणि चौकट यांच्यामध्ये उशीएवढा बोळा बसला आणि गाडी व्यासपीठाच्या समोर जागच्या जागी थांबली.

साडेपाचला सभा सुरू झाली. पावणेसहाला फौजदार आले.

"ही गाडी इथून दहा मिनिटांत हलवा."

"वाळूत आहे, साहेब. रस्त्यावर नाही," दौलत म्हणाला.

"मला कायदा शिकवू नका. हलवा!"

"नाही हलत."

"हलत नाही की हलवणार नाही?"

दौलत सकाळपासून गाडीखाली होता, पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि आता त्याचं टाळकं सरकलं. "हलत पण नाही आणि हलवणार पण नाही! काय करायचं ते करा!"

कर्ण्याचा माईक हातभर अंतरावर चालू होता, हे त्याच्या ध्यानात नव्हतं. सगळ्या चौपाटीने ते ऐकलं आणि हजारो गळ्यांतून एकदम आलं, "नाही हलणार! नाही हलणार!"

फौजदारांचं तोंड लाल झालं. त्यांनी गाडी ओढून न्यायला लॉरी मागवली. लॉरी मोठ्या रुबाबात वाळूत उतरली, पंधरा पावलं आली आणि मागच्या चाकांनी स्वतःसाठीच खड्डा खणून त्यात बसली. ड्रायव्हरने जेवढा जोर लावला, तेवढी ती आणखी खाली गेली. आणि समुद्राला भरती लागली होती.

इकडे दौलत चाकू घेऊन गाडीखाली शिरायला निघाला, तर रमाबाई आडव्या आल्या. "कापूचा नाय!"

"आई, पाणी येतंय! गाडी गेली तर सगळं गेलं!"

"मग हातोडी मारून बोळा काढा," कोणीतरी सुचवलं.

"खबरदार!" रस्त्याच्या कडेवरून आवाज आला. "माझ्या शाफ्टाला हातोडी लावाल तर!"

आणि मनमोहनराव वाळूत उतरले. पंप शू घोट्यापर्यंत रुतले, एक तर मागेच राहिला. गाडीपाशी येऊन ते रमाबाईंसमोर उभे राहिले. एकीला लुगडं कापू द्यायचं नव्हतं, दुसऱ्याला शाफ्ट ठोकू द्यायचा नव्हता.

"बाई, तुमच्या खात्यात सूत असं गुंतलं तर काय करता?"

"उलटा फिरवतंव, साहेबानू. आणि ओढूक कोण तरी शांत हाताचो लागता."

जॅक वाळूत रुतायला लागला, म्हणून वक्त्यांच्या पायाखालचं बाकडं मागून आणलं. वक्ते बिचारे गाडीच्या बॉनेटवर चढले आणि तिथून तर त्यांना आणखी जोर आला. मागचं एक चाक उचललं गेलं. दौलत आणि रमाबाई ते हाताने उलटं फिरवू लागले, आणि शांत हाताचा माणूस म्हणून मनमोहनराव विजयकर, इस्तरीच्या कोटासकट, वाळूत उताणे होऊन गाडीखाली सरकले.

"फिरवा. थांबा. फिरवा!" खालून आवाज येत होता. एकेक हात करत नऊवारी बाहेर येत होतं. पाणी लॉरीपासून वीस पावलांवर आलं तेव्हा शेवटचा पदर निघाला, कुठेही न फाटता.

फौजदार जवळ आले. आवाज एकदम मऊ झाला होता. "अहो, तेवढी आमची लॉरी... तुमच्या गाडीला चारी चाकांना जोर आहे म्हणतात."

दौलतने मालकाकडे पाहिलं. कोट मातकट झालेला, एका पायात शू नाही, केसांत वाळू. मनमोहनरावांनी बॉनेटवरच्या वक्त्यांकडे बोट केलं.

"आधी भाषण संपू दे," ते म्हणाले.

भाषण संपलं. मग गाडीने लॉरी ओढून काढली, तेव्हा तिची मागची चाकं भिजलेली होती.

रविवारी सकाळी चिंचपोकळीला तपासणी झाली. परळचे चार-पाच कार्यकर्ते गाडीभोवती उभे होते. दौलतने गिअर बॉक्सचं बूच काढलं. मनमोहनरावांनी कालच्याच कोटाच्या खिशातून पांढरा रुमाल काढला, बोटाला गुंडाळला, ऑइलमध्ये बुडवला आणि उजेडात धरला.

रुमालावर वाळूचे सात-आठ कण चमकत होते.

दौलतने खिशातली किल्ली काढून पुढे केली. त्याच्याने मान वर करवेना.

"थांब रे," रमाबाई म्हणाल्या. धुतलेलं हिरवं लुगडं त्या नेसून आल्या होत्या. काठाला तेलाचे दोन डाग तेवढे राहिले होते. "साहेबानू, तो खिसो जरा उलटो करा बघू."

मनमोहनरावांनी खिसा उलटा केला. ओंजळभर वाळू फरशीवर सांडली. त्यांनी दुसरा खिसा उलटा केला. तिथूनही तेवढीच पडली.

त्यांनी रुमाल त्या ढिगावर टाकला. मग दौलतच्या हातातली किल्ली त्यांनी त्याच्याच मुठीत दाबून बंद केली.

"पुढची सभा कुठे?" त्यांनी विचारलं.

"गिरगाव चौपाटीला, साहेब."

"मग ऑइल बदल," मनमोहनराव म्हणाले, "आणि ती लोकरीची टोपी आमच्या घरी पोचती कर. आता तिचं काही काम नाही."